उपचाराचा डाग

मारझोडीच्या सर्व्हेची ती दीड वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती, असं मी म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग जरा मागे सरकतो. सरकू दे. खोटं कशाला बोलू? २०१५ आणि २०१६चे पहिले सहा महिने. मी चोवीस वर्षांची होते, पायांत जोर होता आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री होती. मुंबईच्या एका संस्थेला डहाणू आणि तलासरीच्या घरांमध्ये बायकांना आणि पोरांना किती मार बसतो याचा अभ्यास करायचा होता. घरोघर फिरून फॉर्म भरायला त्यांना इथलीच मुलगी हवी होती. मी डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आगरची, बी.ए. झालेली, आणि आईबरोबर बोंबील वाळत घालून घालून वैतागलेली. जाहिरात कळली त्याच दिवशी अर्ज टाकला.

माझ्या जोडीला जमनामावशी होती. सायवनच्या पुढे एका पाड्यावर राहायची, वय पन्नाशीचं, अंगणवाडीत वीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेली. लिहायला तिला सहीपुरतंच यायचं. पण कुठल्या घरातली सून माहेरी जाऊन बसलीय आणि कुठल्या घरात आज चूल पेटलेली नाही, हे तिला लांबून कळायचं. दार तिने उघडून द्यायचं आणि फॉर्म मी भरायचा, अशी आमची वाटणी.

सकाळी सातच्या एसटीने मी सायवनला उतरायची. मावशी फाट्यावर उभीच असायची, डोक्यावर पदर आणि काखेत छत्री, ऊन असो की पाऊस. मग आम्ही चालायला लागायचो. शेतांचे बांध, ओढे, मोहाची झाडं. मी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी न्यायची. मावशी ती चटणी खाताना डोळे मिटायची आणि म्हणायची, "तुझ्या आयेला सांग, एक पोरगी अजून जन्माला घातली असतीस तर मी सून करून नेली असती." मी म्हणायची, मला ने की. त्यावर ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "तुला भात लावता येत नाय."

संस्थेने आम्हाला शिकवलं होतं की आधी नमस्कार, मग ओळख, मग संमतीची सही, मग प्रश्न. मावशी घरात शिरली की पहिल्यांदा कामाला हात लावायची. बाई तांदूळ पाखडत असली तर सूप हातात घ्यायची, सारवत असली तर शेणाच्या पाटीजवळ बसायची. अर्धा तास काही विचारायचंच नाही. मी घड्याळ बघत तळमळायची. एकदा मी तिला रस्त्यात सुनावलं, "मावशी, एका फॉर्मला चाळीस मिनिटं दिलीत."

"तुला दिलीत," ती म्हणाली. "त्या बाईला कुठं दिलीत?"

मी त्यावर हसले होते. आता ते वाक्य आठवलं की मावशीचे पाय धरावेसे वाटतात. पण हे सगळं सांगायच्या आधी त्या चारच्या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तो आकडा माझा होता.

कामाला लागायच्या आधी डहाणूला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला संस्थेच्या ऋजुता मॅडम होत्या. बारीक, चष्मेवाल्या, कुणाचंही बोलणं मध्ये न तोडणाऱ्या. फॉर्मवर मुलांसाठी एक रकाना होता. अंगावर खुणा आहेत का, असल्या तर कशाच्या. मारहाणीला एक, भाजल्या-चटक्याला दोन, सांगत नाहीत त्याला तीन. यातला कुठलाही आकडा लिहिला की मुलाशी एकट्याने बोलायचं आणि चोवीस तासांत मॅडमना फोन करायचा. पुढे त्या बाल कल्याण समितीला कळवणार.

मी हात वर केला. "मॅडम, असं केलंत तर अर्धा तालुका समितीपुढे उभा राहील. आमच्याकडे पोरांना डाग देतात. पोट फुगलं, फेफरं आलं, तर सुई नाहीतर सळई तापवून टेकवतात. ती मारझोड नाही, ते औषध आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला ते फार आवडलं. जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना बाजूला नेऊन कुर्ता वर केला आणि बेंबीजवळचे तीन ठिपके दाखवले.

मी पाच वर्षांची असताना ते दिले होते. पोट दगडासारखं झालं होतं आणि अंगात ताप. आईने मला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि सुई टेकवली ती आत्याने. मला दुखल्याचं आठवत नाही. आईची आसवं माझ्या कपाळावर पडत होती ते आठवतं. मग चार दिवस मऊ भात आणि ताज्या बोंबलांचं कालवण. गल्लीतल्या सगळ्या बायका मला बघायला यायच्या, जाळी विणायची सोडून बाबाही दुपारी जवळ येऊन बसायचे. आत्याने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मला दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण इतकी माया मला पुन्हा कधी एका जागी मिळाली नाही, हेही तितकंच खरं. त्या ठिपक्यांना हात लागला की मला अजून बरं वाटतं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि फॉर्म बदलला. नवीन छापून आला त्यात चौथा आकडा होता: उपचाराचा डाग. पुढे कंसात लिहिलं होतं, पाठपुरावा नको. मी मावशीला बोट लावून दाखवलं, "हा माझ्यामुळे आला."

मावशीने बराच वेळ त्या कागदाकडे बघितलं. "कुणी दिला, ते पण विचारायला लाव," ती म्हणाली.

"तेवढी जागा नाही फॉर्मवर," मी म्हटलं.

मावशीच्या पाड्यापासून वीस मिनिटांवरच्या पाड्यात नविनचं घर होतं. त्या भागात काम असलं की आम्ही दुपारी तिथेच टेकायचो. कुडाचं घर, समोर सारवलेली ओटी, तिच्यावर वाऱ्याची झुळूक कायम. नविन तिशीचा, हसरा, गमत्या. उन्हाळ्यात तो माझ्यासाठी ताडावर चढायचा आणि वरून ओरडायचा, "ताई, किती पाहिजेत? दर्यावरच्या माणसाचं पोट मोठं असतंय." खाली येऊन स्वतः ताडगोळे सोलून द्यायचा. ते थंडगार ताडगोळे, हातावरून कोपरापर्यंत ओघळणारं पाणी आणि ओटीवरची ती डुलकी. इतक्या घरांत मी गेले, पण माझं म्हणावं असं घर ते एकच होतं.

त्याची बायको संगीता फार बोलायची नाही. चिमी नऊ वर्षांची, लाहू चार वर्षांचा. चिमी माझ्या अगदी शेजारी येऊन बसायची आणि मी लिहीत असले की पेनाचं टोक कुठे जातं ते बघत राहायची. तिने एकदा विचारलं, "हा कागद कुठं जातो?" मी सांगितलं, मुंबईला. तिथे मोठ्या मॅडम वाचतात. पोरांना कुणी त्रास देत असेल तर त्या माणसं पाठवतात. तिने मान हलवली. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, हिला शिकवलं पाहिजे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भाताच्या लावण्या उरकल्यावर, त्या घराचा फॉर्म भरायची पाळी आली. मावशी शेजारच्या बाळंतिणीकडे अडकली होती. मी म्हटलं, हे तर आपलंच घर, मी एकटी भरते. नविन बैल बांधायला मागे गेला होता. संगीताने सगळ्या प्रश्नांना "नाय" म्हटलं. नवरा मारतो का, नाय. शिव्या देतो का, नाय. मग मी चिमीला उभं केलं. घरात अंधारच होता, पावसाचं आभाळ होतं. तिच्या उजव्या पायाच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर, दोन काळपट खुणा दिसल्या.

"हे काय झालं?" मी विचारलं.

संगीताने चिमीकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे. तिचे ओठ हलले. ती काहीतरी सांगणार होती, हे मला आज शपथेवर सांगता येईल. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की शहरातून आलेल्या फॉर्मपुढे ही बिचारी डागाचं सांगायला लाजतेय. मग मीच तिची अडचण दूर केली.

"डाग दिला ना? पाय दुखत असेल."

"हां," ती म्हणाली.

"लाजतेस काय? मलापण आहे." आणि मी हसत हसत रकान्यात चार लिहिलं. चिमी शेजारी उभी राहून बघत होती. मी आकडा काढला, त्याभोवती गोल केला, फॉर्म पिशवीत टाकला. नविन हात धुवून आला आणि त्याने संगीताला माझ्यासाठी काळा चहा करायला लावला.

नोव्हेंबरमध्ये दिवाळी झाली. दिवाळीनंतर त्या पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं वर चढतं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. ट्रक जायच्या आधी राहिलेले फॉर्म उरकायला आमची धावपळ चालली होती. एका गुरुवारी सकाळी मी फाट्यावर उतरले तर मावशी उभी नव्हती. ती खाली दगडावर बसली होती.

"काल मी नविनच्या पाड्यावर गेलेली," ती म्हणाली. "हातपंपावर चिमी आंघोळ करत होती. तिच्या पायाला मागून पाच डाग हायेत."

"दोन," मी म्हटलं. "मी बघितलेत. उपचाराचे आहेत."

"उपचाराचा डाग पोटावर देतात, पाठीवर देतात. असा मांडीच्या मागं कोण देतं, झग्याखाली झाकेल असा? गोल पण नाय. वाकडे हायेत, विळ्याच्या पाठीसारखे." मग ती म्हणाली, "या भागातल्या सगळ्या पाड्यांत डाग देणारा एकच माणूस, माझा दीर लडक्या. मी काल त्याला जाऊन विचारलं. त्यानं त्या पोरीला कधी हात लावलेला नाय."

मी काय केलं असेल? मी भांडले. नविन तसा माणूस नाही म्हटलं. लडक्या विसरला असेल म्हटलं. मावशीने सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "तुला कुणी सांगितलं डाग दिला म्हणून? संगीतानं?"

मी तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. डाग दिला ना? पाय दुखत असेल. संगीताने एक शब्द सांगितला नव्हता. तिच्या तोंडचा घास काढून मी माझा भरवला होता, तोही प्रेमाने. मी त्या दगडावर मावशीच्या शेजारी बसले आणि रडायला लागले. मावशीने अर्धा मिनिट रडू दिलं.

"शनवारी ट्रक येतोय," ती म्हणाली. "पोरगी एकदा भट्टीवर गेली की तुझी मॅडम तिला कुठं शोधणार? रड मागनं."

मोबाईलला रेंज पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर यायची. तिथून मी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. त्यांनी फक्त विचारलं, "तू असे चार किती लिहिलेत?" मी सांगितलं, तेवीस. "हा चार आपण दोघींनी मिळून केलाय, कल्पिता," त्या म्हणाल्या. "मी समितीला आत्ता कळवते."

शुक्रवारी दुपारी गाडी आली. समितीच्या बाई, एक महिला पोलीस आणि मॅडम. नविन ओटीवर बसून ट्रकसाठी दोर वळत होता. मला बघून हसला, "या ताई." मला त्याच्याकडे बघवेना. समितीच्या बाई चिमीला घेऊन झाडाखाली बसल्या. तिने त्यांना पाच मिनिटांत सगळं सांगितलं. बाप दारू पिऊन आईला मारायला उठला की ती मध्ये पडायची. तिने पुन्हा मध्ये पडू नये म्हणून तो विळा चुलीत तापवायचा. संगीता दारात उभी होती. तिला विचारलं तेव्हा तीही बोलली, हळू आवाजात, पण बोलली. नविनला पोलीस ठाण्यात नेलं. संगीता लाहूला घेऊन भावाकडे गेली, आणि चिमीला समितीने तलासरीजवळच्या मुलींच्या बालगृहात ठेवलं.

मला मनातून हायसं वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग. चूक झाली, पण निस्तरली. ट्रक यायच्या आधी पोरगी सुटली. बाकीचे बावीस फॉर्म पुन्हा तपासायचे असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि ते मी चिमीला भेटून आल्यावरच्या सोमवारपासून करणार होते. नविनसारखा माणूस काय घरोघरी असतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आणि मावशी चिमीला भेटायला तलासरीला गेलो. बालगृहाच्या मागे चिकूची झाडं होती, तिथे आम्हाला बसवलं. चिमी नवा झगा घालून आली. केसांना तेल, दोन वेण्या. मावशीने तिला ओढून मांडीवर बसवलं आणि गाल कुरवाळले. मी तिच्यासाठी शेव आणि खजूर नेला होता. ती थोडा वेळ खात राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लिवलं होतंस ना त्या दिशी?"

"काय?"

"माझ्या पायाचं. मी बघितलं होतं. तू लिवलंस आणि गोल केलास." ती बोटं चाटत होती. "मला वाटलं, आता माणसं येतील. भात पिवळं झालं, कापलं, वाघबारस झाली, दिवाळी झाली. मी रोज रस्त्यावर बघायची. मुंबई लई लांब हाय का?"

मावशीने मान खाली घातली. या पोरीला खोटं सांगणं मला जमणार नव्हतं.

"मुंबई लांब नाही," मी म्हटलं. "मी चुकीचं लिहिलं होतं. तुला औषधाचा डाग दिलाय, असं लिहिलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. मी तयारी रागाची करून आले होते. ती नुसती विचार करत होती, एखादा हिशेब सुटत नसला की मूल करतं तसा.

"मग मालूचं पण तसंच लिवलंस?" तिने विचारलं.

मालू म्हणजे त्याच पाड्याच्या टोकाच्या घरातली, चिमीच्याच वयाची मुलगी. आठवायला मला फॉर्म बघावा लागला नाही. पाठीवर, खांद्याच्या खाली, एक डाग. तिच्या चुलत्याने सांगितलं होतं, धाप लागायची म्हणून दिला. मी चार लिहून गोल केला होता.

"तिला काय झालं होतं, चिमी?"

"माहीत नाय," चिमी म्हणाली. "ती सांगत नाय. पण ती पण रस्त्यावर बघायची."

मावशी उठून उभी राहिली होती. तलासरीहून आम्ही चारोटीला आलो, तिथून कासा, कासाहून जी मिळाली त्या जीपने सायवन. पुढे चालताना मावशी माझ्यापुढे होती आणि वयाच्या मानाने फार भराभर चालत होती. पाड्याच्या टोकाच्या घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. दाराला दोरी बांधलेली होती. ओटीवर कोंबड्यांचं रिकामं खुराडं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, काल सकाळच्या ट्रकने गेली सगळी, भिवंडीकडे का कुठे, मुकादम दुसराच होता.

मॅडमनी शोधायला माणसं लावली. मी स्वतः दोन महिने, रविवार धरून, भट्ट्या पालथ्या घातल्या. मातीने माखलेल्या शेकडो पोरी बघितल्या आणि प्रत्येकीकडे वळून बघितलं. पावसाळ्यात ते कुटुंब परत आलं नाही. त्यानंतरच्याही नाही. उरलेले एकवीस फॉर्म आम्ही तपासले. मावशी प्रत्येक घरात आधी सूप नाहीतर झाडू हातात घ्यायची आणि मी घड्याळ काढून पिशवीत ठेवून द्यायची. त्यांतले एकोणीस डाग खरोखर औषधाचे निघाले, लडक्याने एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. दोन नव्हते. त्या दोघांपर्यंत माणसं वेळेवर पोचली. नव्या फॉर्मवर चारचा आकडाच राहिला नाही. डाग कुणी दिला, त्याची एक अख्खी ओळ आली.

आता २०१९ आहे. मी तलासरीला मुलींच्या वसतिगृहात काम करते. चिमी तेरा वर्षांची झालीय, सातवीत आहे, आईबरोबर मामाकडे राहते आणि मला कधीमधी फोन करून अभ्यासाच्या तक्रारी सांगते. मावशीचे गुडघे गेले, पण जीभ तशीच आहे. ते बांध, ती भाकरी, ते ताडगोळे मला अजून आठवतात. कुणाच्या ओटीवर ते खाल्ले ते माहीत असूनही आठवतात, आणि गोडच लागतात. त्याची लाज वाटते. पण आठवणीला लाज नसते, त्याला मी काय करू?

मालूही आता तेराची असेल. लडक्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, चुलता एकदा पोरीला घेऊन आला होता खरा, पण डाग दिला की नुसता मंत्र मारला ते आठवत नाही, फार पोरं येतात. म्हणजे तो डाग औषधाचा असेलही. नसेलही. अभ्यासाचा अहवाल छापून आला त्यात तेवीसपैकी एका फॉर्मपुढे "पडताळणी झाली नाही" असं लिहिलं आहे. मुंबईच्या कार्यालयात तो फॉर्म अजून आहे, आणि त्यावर माझ्या हातचा चार आहे.